तळघरात मुरवायची स्टाउट: पहिल्या सहा बाटल्या कशा निवडाव्यात

कैरी मऊ पडलेली असेल तर लोणचं कितीही मुरवा, वर्षभराने बरणीतून चिखलच निघतो. स्टाउट या काळ्या, दणकट बिअरचंही तसंच आहे. हे कळायला मला दोन हिवाळे लागले आणि बरेच युरो गेले.

मी नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला राहतो. इथे फ्लॅटसोबत इमारतीच्या पोटात एक कोठडी मिळते, तिला ‘बेर्खिंग’ म्हणतात. माझ्या बेर्खिंगमध्ये सायकल आहे, सूटकेसा आहेत, हौसेने आणलेलं इडलीपात्र आहे आणि मागच्या कोपऱ्यात लाकडी खोक्यात काळ्या बाटल्या उभ्या आहेत. घरी आलेलं कुणी ना कुणी ते खोकं बघतं आणि विचारतं, “अरे, बिअर जुनी झाली की खराब होते ना?” होतेच. शंभरातल्या नव्वदहून जास्त बिअर ताज्याच प्याव्यात. उरलेल्या थोड्यांमध्ये युरोपातल्या काही स्टाउट येतात, आणि त्या ओळखायच्या कशा एवढंच मी इथे सांगणार आहे. स्टाउट म्हटल्यावर ज्यांना फक्त गिनेस आठवते, त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

हा उद्योग मुळात कुणी सुरू केला

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पोर्टर ही हमालांपासून सगळ्यांची काळी बिअर होती. तिचा जास्त दणकट प्रकार तो ‘स्टाउट पोर्टर’. पुढे पोर्टर गळून नुसतं स्टाउट उरलं. टेम्सच्या दक्षिण काठावर साउथवर्कमध्ये थ्रेल यांची ब्रुअरी होती. तिथली एक फार जड पोर्टर रशियाला, सम्राज्ञी कॅथरिनच्या दरबारी जायची. लंडनचे चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांनी १७९६ च्या रोजनिशीत या पोर्टरबद्दल नोंद केली आहे, की ती सात वर्षं टिकेल असं त्यांना सांगण्यात आलं. अशा जड स्टाउटला पुढे ‘इम्पीरियल’ म्हणजे शाही हे नाव चिकटलं, ‘टिकते’ हा गुण मात्र तेव्हापासूनचाच.

बाल्टिक समुद्रातून हा व्यापार करणाऱ्यांत ए. ल कॉक ही पेढी होती. ‘ऑलिव्हा’ नावाचं जहाज १८६९ मध्ये बुडालं आणि १९७४ मध्ये पाणबुड्यांनी त्यातून ल कॉकचा शिक्का असलेल्या बाटल्या वर काढल्या. याच पेढीने १९१२ मध्ये एस्टोनियातल्या टार्टू गावची ब्रुअरी घेतली. हे नाव लक्षात ठेवा, खाली पुन्हा येईल.

बाटलीत मुरतं ते काय

आधी काय जातं ते बघू. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास सगळ्यात आधी जातो, तोही काही महिन्यांत. मग हॉप्सचा कडवटपणा हळूहळू बोथट होतो. दारूचा घशाला लागणारा चटका मवाळ होतो. भाजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, करपट धार उतरते.

मग नवं काय येतं? खजूर, काळ्या मनुका, सुकं अंजीर, काकवी, कधी चामड्याचा वास, आणि शेरी वाईनसारखी एक झाक. ही झाक ऑक्सिजनची देणगी. झाकणाखालच्या मोकळ्या जागेत आणि बिअरमध्ये विरघळलेला थोडासा ऑक्सिजन वर्षानुवर्षं आपलं काम करत राहतो. फिकट लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरमध्ये, तोच ऑक्सिजन ओल्या पुठ्ठ्याची चव आणतो. काळ्या बिअरमध्ये गडद माल्टमधली द्रव्यं त्याचा बराचसा मारा झेलतात, म्हणून तिथे पुठ्ठ्याऐवजी मनुका मिळतात. अर्थात झेलण्यालाही मर्यादा असते.

दुसरा खेळाडू यीस्ट. बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर सुरुवातीचा ऑक्सिजन तेच खाऊन टाकतं. पण काही वर्षांनी ते मरतं, त्याच्या पेशी फुटतात आणि बिअरमध्ये सोया सॉससारखी खारट चव उतरते. चमचाभर असेल तर मजा येते. जास्त झाली की चायनीज गाडीवर उभं राहिल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट ऐच्छिक आहे: रानटी यीस्ट. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत काम करणाऱ्या क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये सांगितलं की इंग्लंडच्या जुन्या, साठवलेल्या बिअरची ती खास चव एका वेगळ्या यीस्टमुळे येते. त्याला त्यांनी ब्रेटानोमायसिस म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’ असं नाव दिलं. आजच्या बहुतेक स्टाउटमध्ये ते नसतं. जिथे रानटी यीस्टला मुद्दाम थारा दिलेला असतो, तिथे बिअर वर्षागणिक आंबूस आणि कोरडी होत जाते.

पहिली पायरी: लेबल वाचा, चित्र बघू नका

दारूचं प्रमाण बघा. ८ टक्क्यांच्या खाली सहसा जाऊ नका. ९ ते ११ हा नवख्यासाठी सगळ्यात चांगला टप्पा. १३ किंवा त्याहून वरच्या बिअर टिकतात बऱ्याच, पण त्या एवढ्या जाड आणि गोड असतात की पाच वर्षांनी नेमकं काय बदललं हे ओळखायला सरावलेली जीभ लागते.

मग बाटलीत यीस्ट जिवंत आहे का ते शोधा. इंग्लिश बाटलीवर ‘बॉटल कंडिशन्ड’ लिहिलेलं असतं, बेल्जियन बाटलीवर ‘हेरखिस्टिंग ऑप द फ्लेस’, म्हणजे बाटलीत पुन्हा आंबवलेली. बाटली दिव्यासमोर धरून हळूच तिरकी केली तर तळाशी तपकिरी थर सरकताना दिसतो. काळ्या बाटलीत काळी बिअर असेल तर अर्थातच काही दिसत नाही, मग लेबलावरच विश्वास ठेवायचा.

तिसरी नजर तारखेवर. डच बाटल्यांवर ‘टेन मिन्स्टे हाउडबार टॉट’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ‘किमान या तारखेपर्यंत चांगली’. नवे लोक ती मरणाची तारीख समजतात. शिवाय युरोपीय युनियनच्या नियमाप्रमाणे १० टक्के किंवा त्याहून जास्त दारू असलेल्या पेयावर ही तारीख छापण्याची सक्तीच नाही. म्हणून जड स्टाउटवर तारीख दिसली नाही तर दुकानदाराशी हुज्जत घालू नका. तुम्हाला हवी असते ती बाटलीत भरल्याची तारीख. ती असेल तर उत्तम. नसेल तर खरेदीची तारीख घरी आल्याबरोबर पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा. “लक्षात राहील” असं म्हणू नका. राहत नाही.

दुसरी पायरी: काय घ्यायचं नाही

इथेच माझे पैसे बुडाले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या ब्रुअरीची कॉफी आणि व्हॅनिला घातलेली इम्पीरियल स्टाउट घेतली. १२ टक्के, मेणाने सीलबंद, किंमत दोघांच्या साध्या जेवणाएवढी. मी ती चार वर्षं ठेवली. मित्राच्या बढतीला मोठ्या तोऱ्यात बाहेर काढली, सुरीने मेण कापताना बोटही कापून घेतलं. पेल्यात ओतली आणि नाकाजवळ नेली तर ढोबळी मिरची. अक्षरशः चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास. मित्र सभ्य माणूस, म्हणाला, “वेगळी आहे.” त्यात ब्रुअरीचा दोष नव्हता. कॉफी घातलेली बिअर काही महिन्यांत प्यायची असते. कॉफीचा वास आधी उडतो आणि मागे बऱ्याचदा हा हिरवट दर्प राहतो.

म्हणून कॉफी, व्हॅनिला, नारळ, शेंगदाणा बटर, फळांचा गर, मार्शमेलो यांपैकी काहीही लेबलावर दिसलं तर ती बाटली घ्या, पण त्याच आठवड्यात प्या. हे स्वाद ताजेपणावर जगतात. फळांच्या गराची तर वेगळीच भानगड: साखर शिल्लक असेल आणि यीस्ट जागं असेल तर बाटलीत दाब वाढत जातो, आणि फुटलेली बाटली तळघरात एकटी फुटत नाही, शेजारणींनाही घेऊन जाते.

व्हिस्की किंवा बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात ठेवलेल्या स्टाउटबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक त्या हमखास साठवतात. पण पिंपाच्या लाकडातून ऑक्सिजन आधीच आत शिरलेला असतो, म्हणजे ब्रुअरीने मुरवण्याचा मोठा भाग आपल्या वतीने उरकलेला असतो. अशा बाटल्या दोन-तीन वर्षांत संपवाव्यात. बर्बनचा वास फिकट पडला की खाली फार काही उरत नाही, असं मी दोनदा अनुभवलंय.

नायट्रोजनची गोळी असलेला कॅन, ४-५ टक्क्यांची मऊ ड्राय स्टाउट, ओट्सची नाश्त्याची स्टाउट: या ताज्याच. गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची असते, ती ठेवून काही मिळत नाही. गिनेसचीच फॉरेन एक्स्ट्रा ७.५ टक्क्यांची आणि बेल्जियमसाठी बनणारी स्पेशल एक्स्पोर्ट ८ टक्क्यांची आहे. या दोन्ही दोनेक वर्षं ठेवून बघायला हरकत नाही, स्वस्त आहेत.

मेणाच्या सीलबद्दलही एक गैरसमज आहे. साध्या धातूच्या झाकणावर ओतलेलं मेण दिसायला देखणं असतं, ऑक्सिजन अडवण्यात त्याची मदत फारशी नसते. मेणाला पैसे मोजू नका.

तिसरी पायरी: नावं

सुरुवात करायची असेल तर माझा आग्रह हार्वीज इम्पीरियल एक्स्ट्रा डबल स्टाउटचा. इंग्लंडच्या ससेक्समधलं लुइस गाव, तिथली ही जुनी ब्रुअरी. वर ज्या ल कॉकचं नाव आलं, त्यांच्या इम्पीरियल स्टाउटचा वारसा म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही बिअर तिथे पुन्हा बनू लागली. ९ टक्के. पहिल्या खेपेला गंमत झाली: बाटल्या भरून झाल्यावर काही महिन्यांनी आतलं एक रानटी यीस्ट जागं झालं आणि बुचं वर सरकायला लागली. तेव्हापासून बिअर बराच काळ ब्रुअरीतच मुरवून मग भरतात. ताजी प्यायलात तर कदाचित आवडणारही नाही. चामडं, आंबूसपणा, काळा गूळ, करपलेली पोळी सगळं एकदम अंगावर येतं. तीन वर्षांनी हेच सगळे एकमेकांशी बोलायला लागतात. बाटली लहान असते, हीसुद्धा सोयच.

रानटीपणा नको असेल तर नॉर्वेची नॉग्ने ओ इम्पीरियल स्टाउट घ्या. ग्रिमस्टाडला २००२ मध्ये सुरू झालेली ही ब्रुअरी. ९ टक्के, बाटलीत आंबवलेली, स्वच्छ. हिच्यात मुरण्याचे टप्पे अगदी पाठ्यपुस्तकासारखे दिसतात: आधी गडद चॉकलेट, मग मनुका, मग शेरी.

बेल्जियमची डे डोले एक्स्ट्रा एक्स्पोर्ट स्टाउट, एसेन या खेड्यातली, हीदेखील ९ टक्के. हार्वीज आवडली तर ही पुढची. हिलाही आंबूस कडा आहे, पण बेल्जियन यीस्टमुळे फळांचा भाग जास्त. त्याच भागातली, डे स्ट्राउझ यांची ब्लॅक अल्बर्ट १३ टक्क्यांची आहे. ही मी नवख्याला सुचवत नाही. पण घेतलीच तर पाच वर्षं तिच्याकडे वळून बघू नका.

नेदरलँड्समधल्या बोडेग्रावनच्या डे मोलेन ब्रुअरीची रासपुटिन १०.४ टक्क्यांची. ‘हेल एन फर्डुमेनिस’ म्हणजे ‘नरक आणि शाप’, ती १०. डे मोलेनच्या काही लेबलांवर पंचवीस वर्षं ठेवता येईल असं छापलेलं मी स्वतः वाचलंय. पंचवीस वर्षं थांबायचा धीर माझ्यात नाही. सहा-सात वर्षांची रासपुटिन मात्र प्यायलोय आणि तिच्यात काकवीची जी गोडी आली होती तिला तोड नव्हती.

लंडनला गेलात तर कर्नल ब्रुअरीची ‘इम्पीरियल ब्राउन स्टाउट लंडन १८५६’ शोधा. खाकी कागदाचं साधं लेबल, जुन्या लंडनच्या कृतीवरून केलेली, आत कसलीच भेसळ नाही. असल्या साध्या लेबलाची बाटली दिसली की मी आता डोळे मिटून घेतो. मला इतक्या वर्षांत कळलेली एकच गोष्ट सांगायची तर हीच: पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट, थोडीफार साखर, आणि बाकी काही नाही, अशी बाटली मुरते.

नियमाला अपवादही असतात. स्वीडनची कार्नेगी स्टार्क पोर्टर फक्त ५.५ टक्क्यांची, तरी तिच्यावर वर्ष छापलेलं असतं आणि तिकडचे लोक ती वर्षानुसार साठवतात. फिनलंडची सिनेब्रुकॉफ पोर्टर ७.२ टक्क्यांची, तीही छान टिकते. पोलंडची झिवियेत्स पोर्टर ९.५ टक्के, पण ती थंडीत लागर यीस्टवर आंबवलेली, म्हणजे स्टाउटची चुलतबहीण. स्वस्तात मुरवण्याचा सराव करायचा तर हीच.

चौथी पायरी: किती घ्यायच्या

एका बिअरच्या तीन. एकदम, एकाच दुकानातून, एकाच खेपेच्या. पहिली त्याच आठवड्यात प्यायची, दुसरी दीड-दोन वर्षांनी, तिसरी दुसरीने जे सांगितलं त्यानुसार.

पहिली ताजी प्यायची ही अट लोक हमखास मोडतात. “मुरवायचीच आहे तर आत्ता कशाला उघडू?” कारण आत्ता आवडली नाही तर बहुधा नंतरही आवडणार नाही. हार्वीजला मी सवलत दिली, पण तो अपवादच. शिवाय आजची चव ठाऊक नसेल तर तीन वर्षांनी कशाशी ताडून बघणार? एक वही ठेवा. “भाजलेले शेंगदाणे, कडू, घसा जळतो” एवढ्या चार शब्दांनीही भागतं.

पहिल्या सहा बाटल्या म्हणजे हार्वीजच्या तीन आणि नॉग्ने ओच्या तीन. एक आंबूस, एक स्वच्छ. दोन वर्षांत तुम्ही कुठल्या पंथाचे ते कळेल.

दुकानात खिडकीतली, उन्हातली बाटली घेऊ नका. झाकणाच्या कडेला ओघळ वाळलेला दिसला किंवा मानेतली पातळी बाजूच्या बाटल्यांपेक्षा खाली असली तर परत ठेवा.

पाचवी पायरी: जागा

१० ते १३ अंश, अंधार, आणि तापमानात चढउतार कमी. माझी बेर्खिंग जानेवारीत ९ आणि जुलैत १८ अंशांपर्यंत जाते. आदर्श नाही, पण बदल इतका सावकाश होतो की बाटल्यांनी अजून तक्रार केलेली नाही. स्वयंपाकघरातलं कपाट वाईट, बॉयलरशेजारची जागा सगळ्यात वाईट. घरच्या फ्रिजमध्ये मुरणं जवळपास थांबतं, त्यामुळे एखादी बाटली आहे त्या अवस्थेत थोपवायची असेल तरच तिथे ठेवावी.

बाटल्या उभ्याच ठेवा. बूच असलं तरी उभ्या. वाईनवाल्यांचं ऐकून आडव्या केल्यात तर यीस्टचा थर कुशीवर जमतो आणि ओतताना सगळा पेल्यात येतो.

भारतात नेणार असाल तर दोन गोष्टी. ड्यूटीशिवाय २ लिटरची मर्यादा असते, त्यात ३३० मिलिच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, अगदी नेमक्या बसतात. दुसरी गोष्ट, नेल्यावर प्या. मी एका दिवाळीत पुण्याला दादासाठी एक रासपुटिन नेली. त्याने “खास प्रसंगाला उघडू” म्हणून ती माळ्यावर ठेवली, वरून पत्र्याचं छप्पर, आणि मधे दोन उन्हाळे गेले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा आम्ही ती उघडली. रंग काळाच होता. चव पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याची. दादा म्हणाला, “युरोपात हे आवडीने पितात?” वहिनीने पेला बाजूला सरकवून कोकम सरबत आणलं. तिकडे खरंच साठवायचं असेल तर वाईनसाठी मिळतो तसा १२ अंशांचा छोटा फ्रिज आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, याला पर्याय नाही.

सहावी पायरी: उघडणं

दोन दिवस आधी बाटली हलवू नका. पिण्याआधी तासाभरासाठी फ्रिजमध्ये ठेवा आणि मग वीसेक मिनिटं बाहेर. १२-१४ अंशांना ही बिअर बोलते, बर्फगार असेल तर मुकी राहते. मोठे मग नकोत, वाईनचे छोटे पेले घ्या. ३३० मिलिची एक बाटली तिघांना पुरते, ही बिअर तहानेसाठी नाही. सोबत जुनं खाउडा चीज चालतं, पण घरात तिळाची चिक्की असेल तर ती आधी काढा.

एका हाताने, न थांबता, सावकाश ओता. बाटली सरळ करून पुन्हा ओतलीत तर गाळ ढवळतो. शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. फेस कमी आला तर घाबरू नका, जुन्या स्टाउटमध्ये तो लवकर बसतो. झाकण उघडताच कारंजं उडालं आणि वास व्हिनेगरचा आला, तर मात्र बेसिन जवळच आहे.

पहिला घोट लगेच, दुसरा दहा मिनिटांनी. मधल्या वेळात वहीतलं जुनं पान काढा आणि त्याखाली आजची तारीख घालून लिहा. चव वर चढते आहे असं वाटलं तर तिसरी बाटली आणखी तीन वर्षं खोक्यात. मनुका मागे पडून सोया सॉस पुढे आला असेल तर तिसरी याच शनिवारी उघडा.